रोपांनी तोंड फिरवलं

खोक्याचं झाकण उचललं गेलं आणि बंद पडलेल्या छापखान्याच्या दालनात दोनेकशे माणसं एकदम पुढे सरकली. मागचे पुढच्यांच्या खांद्यांवरून बघत होते, पुढचे चवड्यांवर उभे होते. खोक्यात टोमॅटोच्या रोपांचा एक ट्रे होता. बोटभर उंचीची रोपं, दोन-दोन पानं फुटलेली, आणि त्यातलं एकूण एक रोप एकाच बाजूला वाकलेलं. त्या बाजूला खुर्ची होती आणि खुर्चीत अंकुरबाबा बसले होते.

“बघा,” बाबा म्हणाले. आवाज चढवायची त्यांना गरज नव्हती, हिरव्या झग्याच्या गळ्याशी माइक अडकवलेला होता. “माणसाची मान वाकायला सत्तर वर्षं लागतात, आणि तेव्हाही ती मणक्याच्या दुखण्यानंच वाकते. या लेकरांना दोन दिवस पुरले. मी त्यांना पाणी दिलं नाही, खत दिलं नाही. फक्त दृष्टी दिली.”

दालनात कुणीतरी रडायला लागलं. रडण्याचं सर्दीसारखं असतं, एकाला झालं की रांगेनं सगळ्यांना होतं. माझ्या बायकोनं रुमालानं डोळे टिपले आणि मला कोपरानं ढोसलं.

“आता बोला,” ती म्हणाली.

माझं चष्म्याचं दुकान आहे. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून “आता बरं दिसतं की मघाशी?” हे विचारत आलोय. त्यामुळे माणसाला दिसतं काय आणि त्याला दिसायला हवं असतं काय, यातला फरक आपल्याला कळतो, असा माझा समज होता. त्या समजाचं काय झालं ते पुढे येईलच.

आधी खोक्याबद्दल सांगतो. लाकडी खोकं, आतून काळा रंग दिलेला, वर घट्ट झाकण. एका बाजूला लिंबाएवढं गोल भोक, बाकी तिन्ही बाजू बंद. बाबा त्याला भोक म्हणत नसत, ‘दृष्टिद्वार’ म्हणत. ट्रे आत ठेवायचा, झाकण लावायचं, आणि बाबांनी भोकापासून दोन हातांवर खुर्ची टाकून बसायचं. दिवसभर बसत, जेवायला उठत, पुन्हा बसत. त्यांची नजर भोकातून आत जाते आणि रोपांना भक्ती फुटते, असं त्याचं शास्त्र. दोन दिवसांनी झाकण काढलं की रोपं बाबांपुढे वाकलेली. दाराशी बाबांची ‘सिद्ध माती’ पुड्यांतून विकायला ठेवलेली होती आणि तिच्या शेजारी ‘आशीर्वादाची रोपं’. माती कुठून यायची मला माहीत नाही. रोपं आमच्या गल्लीतून जायची.

आमच्या गल्लीच्या टोकाला रोपवाल्या काकू राहतात. नवरा गेल्यावर त्यांनी परसातल्या खोलीत भाज्यांची रोपं करायला सुरुवात केली. वांगी, मिरची, टोमॅटो, कोबी. दारापुढे एक टेबल, टेबलावर कागदी कपांतली रोपं, आणि टेबलामागे काकू. शेजारपाजारचे लोक गच्चीतल्या कुंड्यांसाठी न्यायचे, कुणी परसातल्या वाफ्यासाठी. चार पैसे सुटायचे. पण काकूंना पैशांपेक्षा गोड लागायचं ते एक वाक्य, जे येणारा प्रत्येक जण कप उचलताना म्हणायचा: “काकू, तुमच्या हाताला गुण आहे.” ते ऐकलं की काकू एखादं रोप वर जास्तीचं द्यायच्या. वाक्य विसरणाऱ्याला मोजून द्यायच्या.

या वर्षी गुण आटला. रोपं संध्याकाळी उभी असायची आणि सकाळी आडवी. मुळाजवळ देठ दोऱ्यासारखा बारीक, काळपट, आणि वरची पानं अजून हिरवी. ट्रेच्या ट्रे असे झोपले. लोक विकत नेलेली रोपं परत आणायला लागले. आमचा शिंपी तर तीन मेलेल्या मिरच्या घेऊन टेबलापुढे उभा राहिला आणि म्हणाला, “काकू, यंदा गुण कुणाला उसना दिलात?” तो गमतीनं म्हणाला. काकूंचा चेहरा पडला. चारचौघांपुढे असं कुणी त्यांना आजवर बोललं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी काकू अंकुरबाबांकडे गेल्या.

बाबांनी डोळे मिटून विचारलं, “घरात कोण कोण?” मुलगा, सून, साडेतीन वर्षांची नात. मुलगा एका दुकानाची मालाची गाडी चालवतो. “रोपांना हात कोणाकोणाचा?” पूर्वी काकूंचा एकटीचा. नात जरा मोठी झाली म्हणून यंदापासून सुनेचाही.

“रोप मुळातून मरत नाही, बाई,” बाबा म्हणाले. “रोप हातातून मरतं.”

हे मला बायकोनं सांगितलं, रात्रीचं जेवण वाढता वाढता, जणू बाजारभाव सांगावा तसं. वर म्हणाली, “तिचे हात बांधायला सांगितलेत.”

“कुणाचे?”

“सुनेचे. काळ्या फडक्यात. मनगटापर्यंत. निकाल लागेपर्यंत हिरव्याला हात नाही, पाण्याला हात नाही, आणि पोरीला तर नाहीच. आज रोपं जळली, उद्या लेकरू जळेल म्हणाले.”

“आणि तू जेवते आहेस?”

“मी काय उपाशी राहू?” ती म्हणाली. “असेल काहीतरी म्हणून तर सांगितलं ना त्यांनी. एवढी रोपं वाकतात, ती काय वेडी आहेत?”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी मी तिकडे गेलो. सून दाराच्या पायरीवर बसली होती, दोन्ही हात फडक्यांत गुंडाळून पाठीमागे घेतलेले. पोर तिच्यापुढे हात वर करून उभी होती, उचल म्हणून. आईनं मान हलवून नाही म्हटलं. पोरीनं पुन्हा हात वर केले. मग आतून काकू आल्या, नातीला काखेत मारलं आणि आत घेऊन गेल्या. आतून त्यांचा आवाज येत होता. “आईच्या हाताजवळ जायचं नाही. आईच्या हातानं काय होतं? सांग बघू. मरतं की नाही?” कविता पाठ करून घ्यावी तसं त्या पोरीकडून म्हणवून घेत होत्या.

मुलगा गाडी पुसत होता. मी त्याला म्हटलं, “अरे, तुझी बायको आहे ती.”

“थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, काका,” तो गाडीकडेच बघत म्हणाला. “आईचंही काहीतरी बरोबर असेल. परवा परीक्षा आहे, त्यात होईलच काय ते.”

परीक्षा अशी होती. छापखान्यात, सगळ्यांसमोर, तेच खोकं. दृष्टिद्वाराच्या बाजूला काकू बसणार, बंद बाजूला सून. तीन दिवस. रोपं सुनेकडे वाकली तर तिचे हात शुद्ध. तिच्याकडे पाठ करून काकूंकडे वाकली तर तिनं त्याच दिवशी घर सोडायचं. नात घरातच राहील. हे शेवटचं वाक्य बाबांचं नव्हतं, काकूंनी स्वतः जोडलं होतं.

बंद बाजूला भोक का नाही, हे कुणीतरी विचारलं म्हणे. बाबा म्हणाले, “दोषी नजर आत गेली तर रोपं जागच्या जागी करपतील. मला त्या लेकरांची हत्या करायची नाही.” लोकांना बाबांच्या मनाचा मोठेपणा वाटला.

आता माझा पराक्रम ऐका. मी पायरीवर सुनेशेजारी बसलो आणि तिला धीर दिला. म्हणालो, “हे बघ पोरी, कुठंतरी पाणी मुरतंय. ट्रे आत ठेवताना तो हातचलाखीनं एका बाजूला काहीतरी औषध लावत असणार. मी ट्रे माझ्या हातानं ठेवतो, कुलूप माझं लावतो, तीन दिवस तिथं ठाण मांडतो. बघू कसा वाकवतो.”

“काका, ते खोकं—” ती म्हणाली.

“खोकंही तपासतो. आतून बाहेरून पुसून घेतो. तू काळजीच करू नकोस.”

“तसं नाही, ते भोक—”

“सगळं बघतो म्हटलं ना,” मी म्हणालो आणि उठलो. मला दुकान उघडायचं होतं.

बाबांपुढे मी अटी मांडल्या तेव्हा त्यांनी एकीलाही हरकत घेतली नाही. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “शंका ही श्रद्धेची धाकटी बहीण आहे. येऊ द्या तिला.” ज्याच्या घरी झडती घ्यायची तोच चहा विचारायला लागला तर शहाण्यानं सावध व्हावं. मला मात्र वाटलं, घाबरलेत.

मी खोकं स्पिरिटनं पुसलं. ट्रे तीन गल्ल्या पलीकडच्या माणसाकडून आणला, ज्यानं बाबांचं तोंडही पाहिलं नव्हतं. सरळसोट रोपं. माझ्या हातानं आत ठेवली, झाकण लावलं, दुकानाच्या शटरचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि स्टूल घेऊन बसलो.

ते तीन दिवस मी विसरणार नाही. काकू खुर्चीत बसल्या होत्या, पाठीला उशी, मांडीवर नात. पलीकडे, खोक्याच्या बंद बाजूला, सून फरशीवर. तिला दिवसातून एकदा खायला मिळायचं, आणि हात बांधलेले म्हणून कुणीतरी भरवायचं. भरवणारी बाई लांब दांड्याचा चमचा घेऊन यायची, शक्य तितकं अंतर राखून घास पुढे करायची, आणि अर्धा घास खाली सांडायचा. तो उचलायला हात नव्हते. लोक बघायला यायचे. शाळा सुटली की मुलं यायची. शिंपी दोन वेळा येऊन गेला आणि दोन्ही वेळा म्हणाला, “चेहऱ्यावरूनच कळतं हो.” काय कळतं ते त्यानं सांगितलं नाही. माझी बायको पाण्याचा पेला घेऊन आली, तो जमिनीवर ठेवला आणि पायानं तिच्याकडे सरकवला. मी स्टुलावरून ते बघत राहिलो, याची मला आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पोर आजीच्या मांडीवरून उतरली आणि खोक्याला वळसा घालून आईकडे निघाली. अर्ध्यात थांबली. आईच्या काळ्या मुठींकडे बघितलं, आणि परत फिरली. काकू म्हणाल्या, “शहाणी गं माझी.”

तिसऱ्या दिवशी दुपारी दालन भरलं. मी कुलूप उघडलं. झाकण मी उचललं, माझ्या या हातांनी.

सगळी रोपं काकूंकडे वाकली होती. एकही अपवाद नाही. सुनेकडे त्यांची पाठ होती.

“कुलूप कुणाचं?” बाबांनी विचारलं.

लोक म्हणाले, “चष्मेवाल्यांचं.”

“ट्रे कुणी आणला?”

“चष्मेवाल्यांनी.”

“तीन दिवस पहारा कुणाचा?”

“चष्मेवाल्यांचा.” तिसऱ्या वेळी लोक ते तालात म्हणाले.

“मी तर फक्त इथं राहत होतो,” बाबा म्हणाले. “रोपांनी तोंड फिरवलं. शंका घेणाऱ्यानं स्वतःच्या कुलपानं सत्य जपून ठेवलं आणि स्वतःच्या किल्लीनं तुमच्यापुढे उघडलं. त्यांचे आभार माना.”

आणि लोकांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्यावाचून बाबांचा निकाल निदान संशयाचा राहिला असता. मी त्यावर पक्कं शिक्कामोर्तब करून दिलं होतं.

गर्दीतून कुणीतरी “निघ” म्हणालं. मग चारपाच जण म्हणाले. मुलगा स्वतःच्या पायांकडे बघत होता. काकू नातीला छातीशी धरून म्हणाल्या, “तिचे कपडे मी पिशवीत भरून ठेवलेत. पोर इथंच राहील.” म्हणजे पिशवी आधीच भरलेली होती.

तेव्हा सून उठली. तीन दिवस फरशीवर बसून तिचे पाय आखडले होते, खोक्याला टेकूनच उठली. म्हणाली, “जाते. पण एक दिवस द्या. हीच रोपं, हेच खोकं, काकांचं हेच कुलूप. मी इथं नसेन. कुणीच बसू नका.”

“परीक्षा एकदाच होते,” बाबा म्हणाले.

“परीक्षा नाही. मी मान्य करते, रोपांनी माझ्याकडे पाठ केली. आता ती कुणापुढे वाकतात एवढंच बघायचं आहे.”

असं म्हणून ती दाराशी गेली. तिथं लोकांच्या चपलांचा ढीग होता. हात बांधलेले, म्हणून तिनं पायानंच एक चप्पल वेगळी काढली. झिजलेली, अंगठा तुटून तारेनं बांधलेली. ती पायानं ढकलत ढकलत तिनं दालनाच्या मधोमध आणली आणि बरोबर भोकापुढे, दोन हातांवर ठेवली.

“ती माझी आहे,” शिंपी म्हणाला.

“काका,” ती मला म्हणाली, “ट्रे उलटा फिरवून ठेवा. म्हणजे रोपं चपलेकडे पाठ करून राहतील. मग झाकण लावा.”

बाबा म्हणाले की हा पवित्र दालनाचा अपमान आहे. पण ते नाही म्हणायच्या आत शिंपी बोलला, “होऊन जाऊ दे की. माझी चप्पल काय खाते त्यांना?” लोक हसले. फुकटचा दुसरा खेळ कोण सोडणार? आणि जमलेली गर्दी दुखवण्याइतके बाबा कच्चे नव्हते. म्हणाले, “ठीक. चपलेला काही दृष्टी नसते, हे उद्या तुम्हालाच दिसेल.”

मी ट्रे फिरवला, कुलूप लावलं आणि पुन्हा स्टुलावर बसलो. शिंपीही बसला, चपलेसाठी. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत लोक जमले. आदल्या दिवसापेक्षा जास्त.

मी झाकण उचललं. रोपं चपलेपुढे वाकली होती. सगळी. कालचा बाक मोडून, मान फिरवून, अंगठा तुटलेल्या त्या चपलेकडे.

मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो, नाहीतर मलाही खरं वाटलं नसतं. मागून एक म्हातारी वाट काढत पुढे आली आणि चपलेपुढे वाकली. तिच्यामागून आणखी दोघी. शिंपी स्वतःच्या चपलेकडे असा बघत होता की जणू आजवर आपण तिला ओळखलंच नाही. आणि बाबांनी संधी सोडली नाही. म्हणाले, “या चपलेनं माझ्या दालनाची धूळ चाखली आहे. मान त्या धुळीचा.” दहापंधरा माना डोलल्या. आणखी घटकाभर गेली असती तर त्या चपलेची पूजा बांधली गेली असती आणि शिंपी तिचा पुजारी झाला असता.

“आई,” सून म्हणाली.

ती बाबांशी बोलली नाही. काकूंकडे वळली होती.

“आई, तुमच्या रोपांच्या खोलीला खिडक्या किती?”

काकूंनी नातीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

“एक. रोज सकाळी तुम्ही त्या खोलीत गेलात की पहिलं काम काय करता? पाणी घालायच्याही आधी?”

काकूंनी पदर सारखा केला.

“ट्रे फिरवता. खिडकीकडची बाजू भिंतीकडे, भिंतीकडची खिडकीकडे. मी पहिल्या दिवशी विचारलं, रोज कशाला फिरवायचे? तुम्ही काय सांगितलंत?”

नात आजीच्या तोंडाकडे बघत होती.

“सांगा ना आई. तुम्हीच शिकवलंत मला.”

“रोपं उजेडाकडे वाकतात,” काकू म्हणाल्या. “फिरवली नाहीत तर वाकडी वाढतात. वाकडं रोप कुणी घेत नाही.”

सून खोक्याशी गेली आणि काळ्या फडक्यातली मूठ तिनं भोकावर ठेवली. “आत सगळा काळोख. उजेड यायला एवढीच वाट. भोकापुढे बाबा बसोत, तुम्ही बसा, नाहीतर चप्पल ठेवा. रोपं भोकाकडेच येणार. उद्या भोक बुजवून मागच्या बाजूला दुसरं पाडा, ती मागे वाकतील. यात माझा हात नाही आणि यांची दृष्टी नाही.” मग ती पुन्हा काकूंकडे वळली. “आणि रोपं का मेली तेही सांगते. यंदा ट्रे न धुता वापरले. गेल्या वर्षीची जुनी माती पुन्हा भरली. त्यात पाणी जास्त. मुळाशी कूज लागली. मी उकळत्या पाण्यानं ट्रे धुऊ म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, चार पैसे सुटतात त्यात गॅस कुठं जाळू.”

मला विचारू नका मी काय करत होतो. माझं पोट उजेडावर चालतं. भिंग म्हणजे उजेड वळवायची काच, हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. आणि तीन दिवस त्या भोकाशेजारी स्टूल टाकून मी औषधाचा वास हुंगत बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“तुम्हाला ठाऊक होतं?” माझ्या बायकोनं काकूंना विचारलं. तिचा आवाज बदललेला होता.

“बाबांच्या खोक्याचं झाकण पहिल्यांदा निघालं त्याच दिवशी कळलं होतं,” काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “लोक माझ्या हाताला नावं ठेवायला लागले होते. तेवीस वर्षांत कुणी ठेवली नव्हती. कुणावर तरी खापर फुटायलाच हवं होतं. माझ्यावर कसं फोडून घेऊ?”

तोवर हिरवा झगा मागच्या दारानं निघाला होता. चारदोन जण धावले. बाबा गाडीत बसता बसता म्हणाले म्हणे, “मी कुणाला घराबाहेर काढलं? निर्णय कुटुंबाचा होता.” एवढं एक वाक्य मात्र त्यांच्या तोंडून खरं निघालं. सिद्ध मातीच्या उरलेल्या पुड्या लोकांनी गटारात ओतल्या, आणि त्यातले निम्मे लोक दुसऱ्या दिवशी म्हणत होते की आम्हाला पहिल्यापासून संशय होता. शिंपी त्यात सगळ्यात पुढे.

दालन रिकामं होत असताना मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, “पोरी, हे तू आधी का नाही बोललीस?”

“बोलले की,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी घरात बोलले. आईंना बोलले, यांना बोलले. हे म्हणाले, थोडे दिवस गप्प राहा. मग तुम्ही आलात. तुम्हाला दोनदा सांगायला गेले. तुम्हीच बोलत होता, काका. कुलूप आणलंत, पण भोक कशाला आहे ते विचारलं नाहीत.”

मी खिशातली किल्ली चाचपली आणि बाजूला झालो.

तिचा नवरा पुढे आला आणि फडक्याची गाठ सोडायला लागला. तिनं हात मागे घेतले. मग माझ्या बायकोनं गाठी सोडल्या. दातांनी सोडाव्या लागल्या, इतक्या घट्ट होत्या. आतली कातडी पांढरी, सुरकुतलेली, मनगटाशी सोललेली. तिनं बोटं दोनचार वेळा उघडली मिटली आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पोरीपुढे केले.

पोर आजीच्या पायांमागे गेली.

“ये ना. बघ, झालं सगळं. ये.”

पोरीनं स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे लपवले. “हात नको,” ती म्हणाली. “हातानं मरतं.” आणि रडायला लागली. खोटं नव्हतं ते रडणं, घाबरून रडत होती. आई जितके हात पुढे करी, तितकी ती मागे सरकत होती.

काकू खाली बघत होत्या. “अगं, तसं नाही काही,” त्या नातीला म्हणाल्या. पण पाठ करून घेताना जो जोर होता, तो आता त्यांच्या आवाजात नव्हता, आणि पोरीला पहिलंच खरं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी सून घर सोडून गेली. भरलेली पिशवी तिनं स्वतःच उचलली. पोरीला घेऊन गेली. काकूंनी अडवलं नाही, नवऱ्यानं गाडीनं सोडतो म्हटलं, तिनं नको म्हटलं. मी दुकानाच्या पायरीवरून बघत होतो. आई पुढे चालत होती आणि तिच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा पोरीनं मागून धरला होता. आई मध्येच थांबून हात पुढे करी. पोर पट्टा सोडून दोन पावलं लांब उभी राही. आईनं हात खाली घेतला की पुन्हा पट्टा धरी. गल्लीच्या वळणापर्यंत दोघी तशाच गेल्या.

बाबाचं पितळ उघडं पडायला एक चप्पल आणि एक दिवस लागला. त्या पोरीला आईचा हात धरायला किती दिवस लागले, किंवा लागतील, ते मला माहीत नाही. पत्ता आहे माझ्याकडे, जाऊन विचारायची हिंमत होत नाही. काकूंचं टेबल अजून मांडलेलं असतं. गिऱ्हाईक फारसं येत नाही. आमच्या गल्लीतल्या लोकांना आता दोघींचाही संशय येतो, आणि माझी बायको परवा म्हणाली, “पण तरी काहीतरी असणारच ना.” म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

रोप मेलं तर माती बघा. पाणी किती घातलं ते बघा, ट्रे धुतला होता का ते बघा. घरातल्या माणसाचे हात बघू नका. कुणी चमत्कार दाखवला तर नुसतं कुलूप लावून स्वतःला शहाणे समजू नका, त्या खोक्याला भोक कशाला आणि ते त्याच बाजूला का, हे विचारा. आणि ज्याच्यावर आरोप आहे ते माणूस काही सांगत असेल, तर मध्ये न बोलता ऐकून घ्या. मी ऐकलं असतं तर त्या लहानगीला ‘हातानं मरतं’ हे तीन दिवस कमी शिकवलं गेलं असतं.